पाहुणी भांडी

"ती आली म्हणजे घर गेलंच समजायचं."

आवाज स्वयंपाकघरातून आला. बोलणारीने तो हळू ठेवला होता, पण निम्मं सामान उतरलेल्या घरात कुजबुजसुद्धा घुमते. मी दारातच होते, चपला आत काढायच्या की बाहेर हे ठरवत. आत्या केव्हाच आत जाऊन, माळ्यावरून उतरवलेल्या भांड्यांपाशी जमिनीवर बसल्या होत्या.

"घर आधी जातं, बाई," मागे वळूनही न बघता त्या म्हणाल्या. "मी मागून येते."

दोघी बाहेर आल्या. एक त्या घरची मुलगी, आईवडिलांचं घर आवरायला बंगलोरहून आलेली. दुसरी शेजारीण. मुलीचा चेहरा पडला.

"नाही हो आत्या, तसं नव्हतं म्हणायचं."

"तसंच होतं आणि अगदी बरोबर होतं. थोडं पाणी दे. प्यायला नको, घासायला."

आणि आत्यांनी आपल्या कापडी पिशवीतून चिंचेचा गोळा आणि एक जुना टूथब्रश काढला.

हे मी त्यानंतर कितीतरी घरांत पाहिलं. लोक घर विकायचं ठरवतात, मुलं बाहेरगावाहून रजा काढून येतात आणि जे नेता येत नाही ते बैठकीत मांडतात. पलंग, कूलर, शिलाई मशीन, तांब्यापितळेची भांडी. ओळखीपाळखीचे येतात, भाव करतात, टेम्पोत घालून नेतात. उरलेलं कबाडी उचलतो. ह्या प्रकाराला आमच्या लष्करमध्ये, हिंदी मुलखातल्या ह्या जुन्या मराठी वस्तीत, वेगळं नाव नाही. 'अमक्यांकडे सामान काढलंय' एवढंच म्हणतात. आत्यांना ते सगळ्यांच्या आधी कळायचं. पण तिथे जाऊन त्या ना पलंगाकडे बघायच्या, ना कूलरकडे. त्या भांडी हातात घ्यायच्या, फिरवायच्या, काठाखाली चिंच चोळायच्या आणि टिंबाटिंबांनी कोरलेली नावं वाचायच्या.

आत्या आमच्या शेजारच्या घरात वरच्या मजल्यावर एकट्या राहत. पाटणकर बाजाराच्या मागे आमची गल्ली. घर आधी त्यांच्या वडिलांचं, मग भावाचं, आणि भाऊ-वहिनी गेल्यावर पुण्यात असलेल्या भाच्याचं. आत्यांनी लग्न केलं नव्हतं. कोणी का म्हणून विचारलं तर "राहून गेलं" म्हणायच्या, भाजीत मीठ घालायचं राहून जावं तसं. भाचा लहानपणी आत्या म्हणायचा, म्हणून गल्ली आत्या म्हणायला लागली. दूधवाला आत्याजी म्हणायचा. गॅसवाला त्याचं हिंदी करून बुआजी म्हणायचा, आणि सिलिंडर मात्र भावाच्या नावाने यायचं.

त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. "मी लष्करमधली सगळी मराठी घरं आधी नंबराने ओळखते, मग आडनावाने," असं त्या अभिमानाने सांगत. कोण कोणाला ट्रंक कॉल लावतं, कोणाचा मुलगा फक्त पैसे हवे असले की फोन करतो, कोणत्या घरात फोन उचलल्यावर आधी नुसता श्वास ऐकू येतो, हे सगळं त्यांना माहीत. "पण आपण आपलं नाव नाही सांगायचं. नियमच होता. नंबर विचारायचा, जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. ऐकायचं पण नाही." मग थोडं थांबून म्हणत, "ऐकायचो थोडीच ना. कानावर पडायचं."

मी त्यांच्या हाती लागले ती माझ्या स्कूटीमुळे. कॉलेज संपवून मी घरूनच नोकरी करत होते. परदेशातल्या ग्राहकांच्या तक्रारींना टाइप करून उत्तरं द्यायची. एक शब्द तोंडाने बोलावा लागत नाही, म्हणून ती नोकरी मला आवडायची. माझं न बोलणं हा घरात काळजीचा विषय होता. पाहुणे आले की आई म्हणायची, "हिचं इंग्लिश मीडियम आहे ना," जणू तो जुनाट सर्दीसारखा काही आजार. आत्यांना मात्र ते सोयीचं वाटलं. एकदा आईने त्यांच्याकडे वाटीभर खीर पाठवली. वाटी परत आली ती दोन पेरू घालून, आणि पेरूंच्या मागोमाग आत्या.

"स्कूटी चालवतेस ना? आणि बोलत नाहीस. बहुत बढ़िया. बोलणारं माणूस बरोबर असलं की लोक सावध होतात. चल."

कुठे, हे मी विचारलं नाही. मी विचारायचेच नाही.

सामान कुठे निघणार हे ओळखण्याच्या त्यांच्या खुणा होत्या, आणि त्या मला मागे बसून, कानाशी ओरडून शिकवत. "ते बघ, त्या घराला रंग चाललाय. पुढच्याच भिंतीला आहे का, बघ. पुढचीच? मग विकायचंय. सगळ्या घराला दिला असता तर लग्न असतं." तुळशीची कुंडी शेजारच्या ओट्यावर दिसली की स्कूटी थांबवायला लावत. "तुळस विकत नाही कोणी, टाकवत नाही, आणि विमानात घेत नाहीत. ती शेजारी गेली म्हणजे सौदा झाला." रद्दीवाल्याकडे दिवाळी अंकांचा गठ्ठा आला की तो कुठल्या गल्लीतून आला ते विचारत, कारण वाचणारं माणूस असेपर्यंत त्या घरातून दिवाळी अंक निघत नाहीत. कोणाच्या तेराव्याला गेलो तर मला कोपराने ढोसत. "रडणाऱ्यांकडे काय बघतेस? जो छताकडे बघतोय ना, त्याच्याकडे बघ. तो खोल्या मोजतोय."

मला हे जरा क्रूर वाटायचं. मग मी त्यांना फोनवर दाखवलं की आता लोक घरातलं सामान काढायचं असलं की फोटो टाकून जाहिरात देतात, आपलं गाव निवडलं की सगळी यादी समोर येते. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल, त्यांची विद्या संपली म्हणून. त्यांनी फोन नाकाला लावला.

"हा सोफा बाजूला कर."

"आत्या, तो फोटो आहे."

"मग मोठं कर ना. सोफ्याच्या मागे, फळीवर. ती परात दिसतेय का? तिच्यावर काही लिहिलंय. तू तर गजबच आहेस, इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही अनोळखी लोकांच्या सोफ्यांच्या मागे बघत बसायचो.

नावं कशासाठी वाचायची, हे मला त्या पहिल्याच घरात कळलं. आमच्या लोकांत भांड्यांवर नाव घालायची रीत आहे. लग्नात, मुंजीत, बारशाला जे भांडं दिलं जातं त्यावर ते कोणाला आणि कोणाकडून हे कोरून घेतात. मग ती भांडी डबे होऊन शेजारीपाजारी जातात. कोणाकडे बासुंदी, कोणाकडे साखरभात. भांडं रिकामं परत करायचं नाही ही दुसरी रीत, आणि तिच्यामुळेच सगळा घोळ. काहीतरी चांगलं करून त्यात घालून पाठवू, म्हणून भांडं राहतं. आज राहतं, उद्या राहतं, मग माळ्यावर जातं. आत्यांचं म्हणणं, लष्करमधली निम्मी भांडी चुकीच्या घरात आहेत, आणि घर विकलं गेलं, भांडं वितळलं की ती चूक कायमची होते. म्हणून त्या आधी पोचत. दुसऱ्याचं नाव असलेलं भांडं शोधून काढत, घेत आणि ज्याचं त्याला नेऊन देत.

मराठी वाचायला मी खरं तर भांड्यांवरून शिकले. घरी बोलायचो मराठी, पण शाळेत इंग्रजी आणि हिंदी. मराठी छापील पान समोर आलं की मी चित्रं बघायचे. आत्या काठ चोळत आणि मला पुढे करत. "वाच." मी अडखळत वाचायचे. "चिरंजीव... सौभाग्य..." "पुढे. मामाकडून की काकाकडून?" प्रत्येक भांड्याला त्या घरच्या माणसांना एकच प्रश्न विचारत. "कुणाचं हो हे?" आणि लोक सांगत. अगदी घाईत असलेले, चिडलेलेसुद्धा, हातातलं काम ठेवून सांगत. माझ्या आईची मावशी होती तिचं. आमच्याकडे भाडेकरू होते ना, त्यांचं.

"आज तू विचार," असं त्या मला दर वेळी म्हणत. मी एखादा तांब्या दोन्ही हातांत धरून घरमालकिणीसमोर जाऊन उभी राहायचे. तोंडातून काही निघायचं नाही. एका बाईंनी घाबरून विचारलं, "क्या हुआ, बेटा? टूट गया क्या?"

त्या पहिल्या घरात, ज्याला अजूनही सगळे प्रोफेसरांचं घर म्हणतात, चिंचेखालून एका पितळी पातेलीवर 'सौ. सुमती' असं नाव निघालं. आडनाव दुसरंच. बंगलोरच्या मुलीने बघितलं आणि म्हणाली, "हे आमचं नाहीच." आत्यांचा चेहरा असा उजळला की शेजारीणबाई एक पाऊल मागे सरल्या.

सुमतीबाईंचं घर पूर्वी बाड्याच्या चौकाजवळ होतं. आता मंडळी ठाठीपूरकडे फ्लॅटमध्ये राहतात, एवढा पत्ता आत्यांनी दोन फोनांत काढला. थंडीचे दिवस होते. पातेली घासून लख्ख केली, तिच्यात तीळगुळाचा गजक भरला, वर झाकण आणि झाकणावर फडकं बांधलं. मी स्कूटीवर ती दोन पायांमध्ये ठेवून नेली.

दार सुनेने उघडलं. पातेली बघितली आणि दार अर्धं लोटून घेतलं.

"हमें कुछ नहीं लेना, आंटी."

"बेटा, हम देने आए हैं."

"चंदा भी नहीं देते."

"अरे, चंदा किसने माँगा? ये पतीली तुम्हारी है."

"हमारे यहाँ ये चलती ही नहीं. इंडक्शन है."

आत्या माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "हिला वाटतंय आपण कपड्यांवर भांडी देणाऱ्या आहोत." आणि आतून, मराठीतच, एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"बाबा, दो लेडीज़ हैं. बर्तन लेके आई हैं."

ते काठी टेकत आले. मफलर, स्वेटर, त्यावर शाल. आत्यांनी काही सांगितलं नाही. फडकं सोडलं आणि पातेली नाव त्यांच्याकडे येईल अशी फिरवून समोर धरली. त्यांनी ती आधी लांब धरून पाहिली, मग जवळ घेतली.

"कुठे होती?"

"प्रोफेसरांकडे. माळ्यावर."

ते तिथेच, चपलांच्या कपाटावर बसले.

"ती सांगत होती," ते म्हणाले. "प्रोफेसरांकडे बासुंदी पाठवली, पातेली परत आली नाही म्हणून. मी म्हटलं, खोटं बोलतेस. माहेरी दिलीस. तिचा भाऊ जेवायला आला की मी त्याच्यादेखत विचारायचो, काय मेहुणे, पातेली आणली का? सगळे हसायचे."

"आणि त्या?" आत्यांनी विचारलं.

"आधी भांडायची." त्यांनी बोट नावावरून फिरवलं. "मग भांडायची नाही."

सून कधी त्यांच्याकडे बघत होती, कधी आमच्याकडे. मग तिने आत डोकावून विचारलं, "इसमें ये क्या है?"

"गजक," आत्या म्हणाल्या. "खाली बर्तन वापस नहीं करते, बेटा."

म्हातारेबुवांनी तिला पातेली दिली आणि स्वयंपाकघरात नको म्हणून सांगितलं. ती सुमतीबाईंच्या फोटोपाशी ठेवायला निघाली. इंडक्शनबद्दल ती पुन्हा काही बोलली नाही. आम्हाला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. खाली पार्किंगमध्ये आल्यावर आत्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. थंडीने काचेवर वाफ येते म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चल, गरम बेडई-पुरी खाऊ. भूक लागली."

सगळ्या घरांत असं व्हायचं नाही. बहुतेक ठिकाणी लोक गोंधळून जायचे. एकाने फोनवर सांगितलं की कुरिअर करा, आणि पत्ता कॅनडाचा दिला. एक बाई म्हणाल्या की सासूच्या नावाचं काहीही घरात नको आहे, फार कष्टाने एवढ्यात शांती झालीय. आत्यांनी तो डबा दुसऱ्याच मिनिटाला पिशवीत परत घातला. अशी कोणी न घेतलेली भांडी त्यांच्या खोलीत एका लांब फळीवर पालथी ठेवलेली असत. त्यांना त्या पाहुणे म्हणत. "पाहुण्यांना पुसून काढ जरा," असं मला सांगत. दिवाळीला त्यांनाही चिंच लागायची. पण त्यांतलं एकही त्या वापरत नसत.

"एवढी पातेली आहेत, मग भात त्या चेपक्या अॅल्युमिनियममध्ये का लावता?" असं आईने एकदा विचारलं होतं.

"दुसऱ्याच्या नावात मी भात शिजवत नाही," आत्या म्हणाल्या.

त्यांचं स्वतःचं सामान विचित्र होतं. वाटी चहाच्या पाकिटाबरोबर फुकट आलेली, तिच्यावर चहाच्या कंपनीचं नाव. ताट एक्स्चेंजच्या कँटीनमधलं. डाव बिनदांड्याचा, त्याला त्यांनी लाकडी दांडा बसवला होता. मी तेव्हा ह्याला काटकसर समजत होते.

यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी कूलरमध्ये पाणी भरत होते. समोर शिडी दिसली. शेजारच्या घराला रंग चालला होता. फिकट पिवळा. दुपारी लूच्या झळा सुटल्या तेव्हा रंगारी सावलीला झोपला, चारला उठून त्याने काम संपवलं आणि शिडी खांद्यावर टाकून तो निघून गेला.

पुढचीच भिंत.

मी वर गेले. आत्या खिडकीत बसून वाल सोलत होत्या.

"बघितलंस ना?" त्या म्हणाल्या. "भाच्याला वाटतंय आत्याला कसं सांगू. फोनवर हवापाण्याच्या गोष्टी करतोय बिचारा. त्याला काय माहीत, मी भिंत वाचते."

भाचा वाईट नव्हता. रजा घेऊन आला, त्यांच्या पायाशी बसून बोलला. घर एकट्याने सांभाळायचं वय नाही, जिना चढवत नाही, पुण्यात लिफ्ट आहे, दवाखाना खाली आहे. त्यांच्यासाठी खोली तयार होती. "आत्या, तिथे सगळं आहे. तू फक्त कपडे घे." त्यातलं काहीच खोटं नव्हतं. आत्यांनी मान हलवली आणि त्याला वालाची उसळ वाढली.

तो खाली गेल्यावर मला म्हणाल्या, "जायचं दुःख नाही गं. राहण्यासारखं इथे तरी काय राहिलंय? पण तिथे मला आत्या कोण म्हणणार, हा एकटा सोडून? लिफ्टमध्ये विचारतात म्हणे, कौनसा नंबर?" आणि हसल्या. "पुन्हा नंबर. शेवटी एक्स्चेंजमध्येच चालले मी."

त्यांच्याकडे सामान निघालं तेव्हा अख्खी गल्ली आली. जिन्यात मी एका बाईला म्हणताना ऐकलं, "दुनियाभराच्या घरी ही जायची. आता हिच्या घरी नावं वाचायला कोण जाणार?" माझ्याकडे उत्तर होतं. मी वर गेले.

विकण्याच्या कामात आत्या अगदी कुचकामी निघाल्या. कोणी परात उचलली की तिच्यावरचं नाव वाचून दाखवत, मग ते माणूस कसं होतं, त्याला कढी कशी लागायची, हे सांगत. तोवर गिऱ्हाईक कंटाळून निघून जाई. वितळवायला नेणाऱ्या माणसाला त्यांनी सरळ सांगितलं, "भैया, धूप बहुत है, घर जाओ." भाचा कपाळाला हात लावून बसला होता.

पाहुण्यांची फळी मात्र त्यांनी आधीच रिकामी केली होती. सगळी भांडी जुन्या चादरीत बांधून आमच्याकडे पाठवली होती. "ही विकायची नाहीत. ही तुझ्याकडे. घरं शोध, नेऊन दे."

मी मान हलवली. त्यांनी हनुवटीला धरून माझं तोंड वर केलं.

"मान हलवून नाही होणार. विचारावं लागेल. कुणाचं आहे, एवढंच. तोंड उघडलं की येतं बाहेर. मलाही पहिल्या दिवशी हेडफोन लावल्यावर आवाज फुटला नव्हता."

मला काही सुचेना, म्हणून मी मदत केल्यासारखी भांडी पुसत बसले. पुसता पुसता सवयीने नावं वाचत होते. वहिनींच्या लग्नातली घंगाळं. वडिलांच्या नावाचे डबे. भावाच्या मुंजीतला तांब्या, आजोळकडून. वहिनींच्या बहिणींची नावं, वडिलांच्या ऑफिसातल्या लोकांची. मी पुढच्या ढिगाकडे गेले. मग त्याच्या पुढच्या. आता मी पुसत नव्हते, शोधत होते. लग्नातली नावं, मुंजीतली नावं, बारशातली. आत्यांना ह्यांतलं काहीच झालं नव्हतं. मुंज मुलींची होत नाही आणि लग्न राहून गेलं होतं. मग त्यांच्या नावाचं भांडं येणार कुठून?

अगदी खाली एक छोटा चांदीचा पेला सापडला. भाच्याच्या बारशातला. त्यावर भाच्याचं नाव, आणि खाली, 'आत्याकडून'.

मी तो भाच्यापुढे धरला. त्याने वाचला, आत्यांकडे एकदा बघितलं, रुमालात गुंडाळला आणि आपल्या बॅगेत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटी घेऊन एकटीच बाजारात गेले. एका माणसाच्या भातापुरती पितळी पातेली घेतली, आतून कल्हई केलेली. दुकानदाराने सराफा बाजाराच्या तोंडाशी नाव घालणारा बसतो, तिथे पाठवलं. त्याच्याकडे एक वायरवालं यंत्र, पेनासारखं, चालू केलं की करकरतं. त्याने पातेली मांडीवर घेतली, काठाखाली अंगठ्याने जागा पुसली, सुई टेकवली.

"बोलिए. नाम?"

मी तोंड उघडलं. बंद केलं.

फोन काढला. त्यात 'आत्या' होतं. आईला लावला. आई म्हणाली, "अगं, आत्या म्हणजे आत्याच ना. नाव... थांब हं... नाही गं, मी लग्न होऊन आले तेव्हापासून आत्याच." आईने बाबांना विचारलं. बाबांनी मागून कुठूनतरी विचारलं, "क्यों, क्या हुआ आत्या को?"

यंत्र करकरत होतं. त्याने ते बंद केलं.

"बिटिया, पहले नाम पूछ आओ," तो म्हणाला. वाईट बोलला नाही. "मैं शाम तक बैठा हूँ."

घरी आले तर आईने पातेली हातातून घेतली, तिच्यात तांदूळ भरले आणि परत दिली. "रिकामी नेऊ नकोस."

वरच्या खोलीत आता काही उरलं नव्हतं. एक ट्रंक, एक पिशवी, खिडकीपाशी तुळशीची कुंडी, जी संध्याकाळी आमच्या ओट्यावर यायची होती. आत्या ट्रंकेवर बसून पिशवीच्या तोंडाला दोरी बांधत होत्या. माझ्या हातात पातेली बघून त्यांचे हात थांबले.

"हे कुठून आणलंस? कुठे निघालं सामान? मला सांगितलं नाहीस ते?"

मी पातेली दिली. त्यांनी तांदूळ सांडू न देता ती अलगद फिरवली, पूर्ण एक फेरा. काठाखाली बोट फिरवलं. उजेडाकडे धरली. पिशवीची नुकती बांधलेली दोरी सोडून टूथब्रश काढायला हात घातला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"नवीच आहे गं ही. नावच नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कुणाची?"

खाली भाचा टेम्पोवाल्याशी बोलत होता. मी श्वास घेतला.

"तुमची," मी म्हणाले. "आत्या, तुमचं नाव काय?"